डिस्ट्रोची पारख अपग्रेडच्या दिवशी होते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेली काही वर्षं तुम्ही लिनक्स वापरता. डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, बदलत राहता: उबंटू, मिंट, फेडोरा, आर्च, मध्ये आणखी एक रोलिंग (ठरावीक आवृत्त्यांऐवजी सतत अपडेट येणारी) डिस्ट्रो, सगळं फिरून झालं. दर चार-सहा महिन्यांनी लॅपटॉप फॉरमॅट होतो. जुनी मंडळी मात्र एकाच डिस्ट्रोवर वर्षानुवर्षं ठाण मांडून बसलेली दिसतात. त्यांनी ते कसं ठरवलं, आणि तुम्ही कशावर थांबावं? काम वेब प्रोग्रॅमिंगचं, जोडीला मराठीतलं लेखन, लॅपटॉप ८ जीबी रॅमचा, आणि घरात वडिलांचा एक जुना पीसी.

मी स्वतः डेबियनवर स्थिरावले आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझा कल कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. कॉलेजच्या प्रयोगशाळा, एक छापखाना, काही सीए कार्यालयांचे फाइल सर्व्हर यांची देखभाल हे माझं पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे माझं उत्तर अशा माणसाचं आहे ज्याला मशीन बंद पडलं की फोन येतो. तुमची परिस्थिती वेगळी असेल तिथे उत्तरही वेगळं होईल, आणि ते कुठे होईल तेही सांगते.

तुम्ही कोणती डिस्ट्रो असं विचारलंय, पण तुमच्या वर्णनात मला त्याआधीचा प्रश्न दिसतो. प्रत्येक वेळी का सोडली त्याची कारणं तुम्हीच दिली आहेत: उबंटूत फायरफॉक्स स्नॅपमधून (उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज-पद्धतीतून) यायला लागला, मिंट जुनाट दिसायला लागलं, त्या रोलिंग डिस्ट्रोवर एका अपडेटनंतर मशीन बूट होईना, फेडोरात मराठी टायपिंग चालेना, आर्चवर सारखे अपडेट करायचा कंटाळा आला. ही पाच कारणं एका रांगेत बसणारी नाहीत. स्नॅप हे उबंटूचं धोरण आहे, २२.०४ पासून फायरफॉक्स तसाच येतो आणि ते पटत नसेल तर डिस्ट्रो बदलणं योग्यच. बूट न होणं आणि सारखे अपडेट ही दोन्ही रोलिंग पद्धतीची अंगं आहेत. पण मिंटचं दिसणं आणि फेडोरातलं मराठी यांचा डिस्ट्रोशी जवळजवळ काही संबंध नाही. त्या दोन वेळा तुम्ही सगळं पुसून नवं टाकलंत, आणि काम होतं एका सेटिंगचं.

मराठीचं जरा तपशिलात सांगते, कारण यावरून डिस्ट्रो बदलणारे बरेच जण मला भेटतात. तुम्ही फेडोराची केडीई डेस्कटॉप असलेली आवृत्ती घेतली होती. केडीईच्या वेलँड सत्रात (वेलँड म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था) इनपुट मेथड, म्हणजे इतर भाषा टाइप करून देणारा प्रोग्रॅम, नुसती इन्स्टॉल करून भागत नाही. सिस्टम सेटिंग्जमध्ये व्हर्च्युअल कीबोर्ड नावाचं पान आहे, तिथे जाऊन एफसीआयटीएक्स ५ ही इनपुट मेथड निवडावी लागते. व्हर्च्युअल कीबोर्ड म्हटल्यावर माणसाला पडद्यावरचा कीबोर्ड आठवतो, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही. जीनोम या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये आयबस ही इनपुट मेथड आधीच जोडलेली असते, म्हणून तिथे नुसता कीबोर्ड निवडला की मराठी सुरू होतं, आणि मग वाटतं की ही डिस्ट्रो चांगली, ती वाईट. प्रत्यक्षात इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स या मांडण्या दोन्हीकडे एम१७एन या मांडण्यांच्या संग्रहातूनच येतात. जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ नावाची लायब्ररी करते आणि तीही सगळीकडे तीच आहे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तशी सोय असलेला फाँट घ्यायचा आणि लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदीऐवजी मराठी ठेवायची. हे डेबियनवर करा नाहीतर आर्चवर, फरक पडत नाही.

मग फरक पडतो तो कशात? कर्नल (लिनक्सचा गाभा), जीनोम, केडीई, लिब्रेऑफिस, फायरफॉक्स हे सगळ्यांकडे एकाच मुळातून येतं. डिस्ट्रो त्यातलं काय निवडते, कोणत्या आवृत्तीवर थांबते आणि ती किती काळ सांभाळते, एवढाच तिचा खरा ऐवज. म्हणून जुना वापरकर्ता डेस्कटॉपचे स्क्रीनशॉट बघत बसत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं की माझ्या मशीनवर नवी आवृत्ती कधी येणार हे कोण ठरवतं, मी स्वतः बदललेल्या फाइलींचं त्या वेळी काय होतं, आणि हे सांभाळणारी माणसं पाच वर्षांनी असतील का. यातलं काहीच इन्स्टॉल करताना दिसत नाही. इन्स्टॉलर आता सगळ्यांचेच सोपे झालेत, अर्ध्या तासात डेस्कटॉप समोर येतो. खरी ओळख पटते पहिल्या मोठ्या अपग्रेडला. आणि तुम्ही दर चार-सहा महिन्यांनी फॉरमॅट मारत आलात, म्हणजे एकाही डिस्ट्रोचा तो दिवस तुम्ही पाहिलेला नाही. तुमची निवड होत नाहीये याचं कारण मला तिथे दिसतं.

तो दिवस कसा असतो हे डेबियनच्या उदाहरणावरून दाखवते.

डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. कामाचं कुठलंही मशीन मी पहिल्या आठवड्यात हलवत नाही, पहिलं पॉइंट रिलीज (दुरुस्त्यांची पहिली उप-आवृत्ती) येऊ देते. घाई करायचं कारणही नसतं: आधीच्या १२ ला, बुकवर्मला, तीन वर्षं नेहमीचा सुरक्षा-आधार आणि पुढे एलटीएसची (लांबवलेल्या आधाराची) दोन वर्षं धरून जून २०२८ पर्यंत मुदत आहे. मधल्या काळात मी रिलीज नोट्सचं पाचवं प्रकरण वाचते. नव्या आवृत्तीत कुठे ठेच लागेल ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ते वाचायला चहाचा एक कप पुरतो. ट्रिक्सीच्या नोट्समध्ये होतं की टीएमपी, म्हणजे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डर, आता डिस्कऐवजी रॅममध्ये असेल, कमाल निम्म्या रॅमइतकं. बहुतेकांना याचा फरकही कळणार नाही. पण मी सांभाळते त्या छापखान्यात पानं जुळवणारी एक स्क्रिप्ट मोठमोठ्या पीडीएफच्या तात्पुरत्या प्रती टीएमपीतच टाकते. ८ जीबीच्या मशीनवर म्हणजे ४ जीबीची मर्यादा, आणि समोर दिवाळी अंकांचा हंगाम. रिबूट करण्याआधीच सिस्टमडीला (मशीनच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) रॅममधलं ते माउंट मास्क, म्हणजे बंद, करायला सांगितलं आणि टीएमपी पूर्वीसारखं डिस्कवर राहिलं. त्याच प्रकरणात होतं की डव्हकॉट या मेल सर्व्हरची कॉन्फिग फाइल नव्या आवृत्तीत जशीच्या तशी चालणार नाही, एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर लॉगिन करण्याच्या प्रोग्रॅमच्या) जुन्या डीएसए किल्ल्या बंद झाल्यात, आणि मारियाडीबी हा डेटाबेस नीट बंद करूनच अपग्रेडला हात घालावा. प्रत्येक गोष्ट आधी समजली, म्हणून प्रत्येकीची तयारी आधी झाली.

मग प्रत्यक्ष काम. बॅकअप. बाहेरच्या रेपो (पॅकेजांचे साठे) बंद. सोर्सेस फाइलीत बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी. आधी ॲप्ट या पॅकेज-व्यवस्थापकाचा साधा अपग्रेड, नवी पॅकेजेस न आणता, मग फुल-अपग्रेड. हे चालू असताना एखाद्या ठिकाणी ते थांबतं आणि विचारतं: अपाची वेब सर्व्हरची ही फाइल तुम्ही बदललेली आहे, पॅकेजसोबत नवी फाइल आली आहे, काय करू? डी दाबलं की दोन्हींतला फरक ओळीओळीने दिसतो. वाय म्हटलं तर नवी येते, एन म्हटलं तर तुमची राहते. काहीच न ठरवता नुसतं एंटर दाबलंत तरी तुमचीच राहते, आणि नवी शेजारी डीपीकेजी-डिस्ट अशा शेपटाच्या नावाने ठेवली जाते. हा एक छोटा प्रश्न मला डेबियनशी बांधून ठेवतो. मशीनवर मी केलेलं काम हे माझं आहे, त्याला न विचारता हात लावायचा नाही, हे तिथे धोरण म्हणून लिहून ठेवलेलं आहे आणि हजारो पॅकेजेस ते पाळतात.

आर्चचं पॅकमॅन (तिथला पॅकेज-व्यवस्थापक) हेच वेगळ्या रीतीने करतं. ते तुमची फाइल जपतं, नवी पॅकन्यू नावाने बाजूला ठेवतं आणि न विचारता पुढे जातं. जुळवाजुळव तुम्ही सवडीने करायची. ज्याला ती सवय आहे त्याला काही अडचण येत नाही. फरक लयीचा आहे. आर्चमध्ये बदल दर आठवड्याला थोडा थोडा येतो, डेबियनमध्ये साधारण दोन वर्षांनी एकदम. कुठला सोपा हे तुमच्या आयुष्यावर ठरतं. माझ्याकडे मशीनं बरीच आहेत, त्यामुळे ठरलेल्या वेळी, सुट्टीच्या दिवसांत, एकदाच उलथापालथ मला परवडते. एकच लॅपटॉप असलेला आणि दर शनिवारी बातम्या वाचून अपडेट करणारा माणूस आर्चवर सुखाने राहतो. पण तो बातम्या वाचणारा असला पाहिजे. ऑगस्ट २०२२ मध्ये ग्रबच्या (मशीन बूट करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) एका अपडेटमुळे आर्च कुळातली कित्येक मशीनं बूट होईनात. आर्चच्या मुखपृष्ठावर त्याबद्दल सूचना आली आणि ग्रब पुन्हा इन्स्टॉल करणं एवढाच उपाय होता. ज्यांना लाइव्ह यूएसबीवरून (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या यूएसबीवरून) आत शिरून ते करता आलं त्यांचा तासाभरात प्रश्न मिटला. ज्यांना नाही आलं त्यांनी फॉरमॅट मारलं. तुमचं त्या वेळी काय झालं ते तुम्ही लिहिलंच आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग.

लॅपटॉप अगदी नवा असेल, म्हणजे गेल्या वर्षभरात बाजारात आलेला, तर डेबियन स्टेबलचा (प्रकाशित, स्थिर आवृत्तीचा) हट्ट धरू नका. नव्या चिपचं वायफाय, ग्राफिक्स, स्लीप हे नव्या कर्नलवर अवलंबून असतं. ट्रिक्सीचा कर्नल ६.१२ आहे आणि तो त्याच मालिकेत राहणार. बॅकपोर्ट्समधून (स्टेबलसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून) नवा घेता येतो, पण ते तुम्हाला पहिल्याच दिवशी करायला लागू नये. अशा वेळी मी फेडोरा सुचवते. दर सहा महिन्यांनी आवृत्ती, प्रत्येकीला साधारण तेरा महिने आधार, आणि कर्नल मधल्या काळातही पुढे सरकत राहतो. वेलँड फेडोरा २५ मध्ये, २०१६ साली, मुख्य झालं. पाइपवायर ही आवाजाची व्यवस्था फेडोरा ३४ मध्ये, २०२१ साली. बाकीच्यांकडे नंतर पोचलेल्या कित्येक गोष्टी आधी तिथे घासून-पुसून घेतल्या जातात. लिनस टोरवाल्ड्सही फेडोरा वापरतात, त्यांनी ते अनेकदा सांगितलं आहे, आणि कर्नलवर काम करणाऱ्या माणसाला ती निवड शोभते. तेरा महिने म्हणजे वर्षातून एकदा तरी अपग्रेड आलंच. ते चांगलं पार पडतं, फक्त वर्षभर त्याकडे पाठ फिरवून चालत नाही.

सतत नवं हवं आणि तरी मागे फिरायची वाटही हवी, असं असेल तर ओपनसुसे टंबलवीड बघा. याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते याचं मला वाईट वाटतं. प्रत्येक स्नॅपशॉट (अपडेटचा नवा संच) बाहेर सोडण्याआधी ओपनक्यूए नावाची स्वयंचलित चाचणी यंत्रणा तो इन्स्टॉल करून, बूट करून, प्रोग्रॅम उघडून तपासते. शिवाय बीटीआरएफएस ही फाइलव्यवस्था आणि आधीची स्थिती साठवून ठेवणारं स्नॅपर पहिल्यापासून जोडलेले असतात, त्यामुळे अपडेट बिघडला तर बूट मेन्यूतूनच कालच्या स्थितीत जाता येतं. रोलिंग पद्धत आवडते पण बूट न होण्याची धास्ती वाटते, अशा माणसाला मी आर्चच्या आधी हे नाव सांगेन.

आणखी एक गोष्ट, जी तांत्रिक नाही. तुमच्या आसपासचे लोक काय वापरतात? ऑफिसात शेजारी बसणारा उबंटूवर असेल, तुमच्या ग्राहकांचे सर्व्हर उबंटूवर असतील, तर उबंटू एलटीएसवर थांबायला ते कारण पुरेसं आहे. अडलात की उत्तर हाकेच्या अंतरावर असतं.

यानंतर संस्था. हा मुद्दा नव्या लोकांना कोरडा वाटतो, जुन्यांना मात्र तोच सगळ्यात जिव्हाळ्याचा असतो, कारण त्यांनी घर सोडायची वेळ पाहिलेली असते. आपल्याकडे अनेकांची सुरुवात पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडीवरून झाली, आणि रेड हॅट लिनक्सभोवती एक पिढी तयार झाली. २००३ मध्ये रेड हॅटने ती मालिका थांबवली; पुढे एकीकडे पैसे भरून घ्यायची एंटरप्राइझ आवृत्ती आणि दुसरीकडे फेडोरा, अशा दोन वाटा झाल्या. ज्यांना सर्व्हरसाठी फुकट आणि टिकाऊ हवं होतं ते सेंटओएसवर, म्हणजे त्या एंटरप्राइझ आवृत्तीच्या फुकट प्रतिरूपावर, गेले. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत आधार मिळणार असं सगळे धरून चालले होते. ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की तो २०२१ च्या अखेरीला संपेल. नुकतीच नवी मशीनं लावलेल्या लोकांना वर्षभरात सगळं उचलून न्यावं लागलं. रॉकी आणि अल्मा या डिस्ट्रो त्यातूनच उभ्या राहिल्या. अलीकडचं उदाहरण इंटेलच्या क्लिअर लिनक्सचं: वेगासाठी नावाजलेली डिस्ट्रो, जुलै २०२५ मध्ये बंद झाली, सुरक्षा-अपडेट त्याच दिवसापासून थांबले. या निर्णयांमागे कंपन्यांचे हिशेब असतात, आणि कंपनीला तो हक्कही आहे. पण त्या हिशेबात तुमचं माझं मशीन धरलेलं नसतं.

डेबियनची सुरुवात इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये केली. ती कुणा कंपनीच्या मालकीची नाही. १९९७ पासून तिचा सामाजिक करार आहे, स्वतःची घटना आहे, प्रकल्पप्रमुख दरवर्षी सदस्यांच्या मतदानाने निवडला जातो, आणि मोठे वादही मतदानाने सुटतात. २०२२ मध्ये असंच मतदान झालं, आणि डेबियन १२ पासून वायफायसारख्या हार्डवेअरला लागणारं मुक्त नसलेलं फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच आलं. त्याआधी कित्येक जण इन्स्टॉलरला वायफाय दिसलं नाही एवढ्यावरून परत फिरायचे. तुम्ही डेबियन कधी वापरून पाहिलं नाही त्यामागे ती जुनी ख्याती असेल, तर ती आता लागू नाही. आणि संस्था म्हणजे मोठीच हवी असंही नाही. स्लॅकवेअर त्याच वर्षी, जुलै १९९३ मध्ये सुरू झालं आणि पॅट्रिक व्होल्करडिंग आजही ते सांभाळतात. १४.२ नंतर १५.० यायला जवळपास सहा वर्षं लागली, तरी तिथले लोक जागचे हलले नाहीत, कारण आपली डिस्ट्रो कशी वागते हे त्यांना पाठ आहे.

तुमच्या मनात आता येईल की डेबियनमधलं सॉफ्टवेअर जुनं, आणि वेब प्रोग्रॅमिंगला नवं लागतं. अर्धं खरं आहे. ट्रिक्सीत पायथन ३.१३, पीएचपी ८.४, पोस्टग्रेएसक्यूएल १७ आहेत, जे आज बहुतेक कामांना पुरतं. दीड वर्षाने तेच जुनं वाटेल. माझी पद्धत अशी: मशीनचा पाया डेबियनचा, प्रकल्पाची अवजारं प्रकल्पाची. नोड हवं तर आवृत्त्या सांभाळणाऱ्या अवजारातून, पायथनची पॅकेजेस व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, डेटाबेस पॉडमनच्या कंटेनरमध्ये (बाकी सिस्टमपासून वेगळ्या बंदिस्त जागेत). डेबियन १२ पासून पिप (पायथनची पॅकेजेस आणणारं अवजार) तुम्हाला सिस्टमच्या पायथनमध्ये काही टाकूच देत नाही, सरळ नकार देतं. त्यावर अनेक जण चिडतात. मला तो नकार मोलाचा वाटतो. सिस्टमची स्वतःची काही अवजारं त्याच पायथनवर चालतात, आणि पूर्वी माझ्याकडे बिघडून आलेल्या मशीनांमध्ये सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवलेलं पिप हे नेहमीचं कारण असायचं. डेस्कटॉपवरचे नवे प्रोग्रॅम हवे असतील तर फ्लॅटपॅक आहे. आर्चमधलंच एखादं पॅकेज हवं असेल तर डिस्ट्रोबॉक्समध्ये आर्चचा कंटेनर उघडता येतो, खाली डेबियन तसंच राहतं. तुमच्या ८ जीबीत हे सगळं मावतं, फक्त एका वेळी चार कंटेनर उघडे ठेवू नका.

सुरक्षेबद्दलही बोलायला हवं, कारण नवं म्हणजे सुरक्षित असं सर्रास ऐकू येतं. २९ मार्च २०२४ ला अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएलवर काम करणाऱ्या माणसाने एक्सझेड या फाइली आक्रसणाऱ्या सॉफ्टवेअरमधली घुसखोरी उघड केली. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा माग काढताना त्यांना ती सापडली. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार मुद्दाम ठेवलेलं होतं, आणि त्या टंबलवीड, आर्च, फेडोराची विकासशाखा, डेबियन टेस्टिंग इथे पोचलेल्या होत्या. आर्चमध्ये एसएसएचची जोडणी वेगळी असल्यामुळे ते दार उघडत नव्हतं. डेबियन स्टेबलमध्ये ५.४ मालिका होती, त्यामुळे तिथे प्रश्नच आला नाही. पण याच्या उलटही घडलेलं आहे. मे २००८ मध्ये जाहीर झालं की डेबियनने स्वतः ओपनएसएसएलमध्ये केलेल्या एका दुरुस्तीमुळे सप्टेंबर २००६ पासून तयार झालेल्या किल्ल्या सहज ओळखता येण्याजोग्या होत्या. डेबियन आणि उबंटू वापरणाऱ्या जगभरच्या लोकांना किल्ल्या नव्याने करायला लागल्या. स्टेबल म्हणजे निर्धोक असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. स्टेबल म्हणजे बदल कमी आणि ठरलेल्या वेळी, एवढंच. मला तेवढं पुरतं. बाहेरून आणलेल्या पॅकेजांबाबत मात्र सगळीकडेच डोळे उघडे ठेवा. जुलै २०२५ मध्ये आर्चच्या एयूआरमध्ये (वापरकर्त्यांनी दिलेल्या पॅकेजांच्या साठ्यात) फायरफॉक्स आणि लिब्रवुल्फ या ब्राउझरांच्या नावांशी मिळतीजुळती नावं घेऊन आलेली पॅकेजेस दूरून ताबा घेणारा प्रोग्रॅम आणत होती. दोन दिवसांत ती काढली गेली, पण एयूआरमधलं पॅकेज बांधण्याआधी त्याची बिल्ड फाइल वाचायची असते हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

तर तुमच्या लॅपटॉपसाठी, तो दोन-तीन वर्षांपेक्षा जुना आहे असं धरून, माझं मत डेबियन १३. अगदी नवा असेल तर फेडोरा. डेस्कटॉप तुम्हाला हाताला बसलेला घ्या. दिसण्याचा कंटाळा आला तर डेस्कटॉप बदला, डिस्ट्रो राहू द्या. जीनोम, केडीई आणि एक्सएफसीई एकाच मशीनवर शेजारी शेजारी राहू शकतात, लॉगिनच्या वेळी निवडायचं. जे घ्याल त्याचं एक मोठं अपग्रेड फॉरमॅट न मारता पार पाडा, आणि तोवर त्याच्याबद्दल मत बनवू नका.

ते जमावं म्हणून तीन-चार सवयी. होमचं (तुमच्या स्वतःच्या फाइलींचं) पार्टिशन वेगळं ठेवा, पण एकच होम दोन डिस्ट्रोंना वापरायला देऊ नका. नव्या आवृत्तीने लिहिलेली सेटिंग्ज जुन्या आवृत्तीला झेपत नाहीत आणि दोन्हीकडे विचित्र बिघाड दिसायला लागतात. ॲप्ट-मार्कला विचारलं की तुम्ही स्वतः मागवलेल्या पॅकेजांची यादी मिळते, ती महिन्यातून एकदा फाइलीत साठवा. ईटीसीकीपर बसवा, म्हणजे ईटीसी या सिस्टम सेटिंग्जच्या फोल्डरमधला प्रत्येक बदल गिटमध्ये नोंदला जातो आणि काय बदलल्यावर बिघडलं ते शोधता येतं. मी हाती घेतलेल्या प्रत्येक मशीनवर पहिल्या दिवशी हेच पॅकेज जातं. आणि नवी डिस्ट्रो बघायची हौस मारू नका, ती चांगली हौस आहे. व्हर्च्युअल मशीनला ३ जीबी रॅम द्या आणि तिथे हवी ती बसवा. निक्सओएस एकदा नक्की बघा, अख्खं मशीन एका फाइलीत वर्णन करायची कल्पना डोक्याला खाद्य देणारी आहे. फक्त ज्या डिस्कवर तुमचं काम आणि लेखन आहे ती या प्रयोगांतून बाहेर ठेवा.

राहिला वडिलांचा पीसी. तिथे निकष बदलतो, कारण अपग्रेड तेच बघणार आणि अडलं की फोन तुम्हाला येणार. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून हा प्रश्न सध्या घरोघरी आहे. मी अशा ठिकाणी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बसवते. मिंट २२ मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत आधार आहे, स्नॅप आपणहून येत नाही, अपडेट मॅनेजर समजायला सोपा आहे, आणि टाइमशिफ्ट चालू करून दिलं की चुकून काही बिघडलं तरी मागे जाता येतं. तुम्हाला ते जुनाट वाटलं होतं. वडिलांना मात्र खाली पट्टी, कोपऱ्यात मेन्यू ही ओळखीची मांडणी सोयीची वाटेल.

बसवण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, ३२-बिट लाइव्ह यूएसबीवरून (६४-बिटची यूएसबी ३२-बिट प्रोसेसरवर सुरूच होत नाही) टर्मिनलमध्ये एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती देणारी आज्ञा चालवून प्रोसेसर ६४-बिट आहे का ते पाहा. ३२-बिट निघाला तर मिंट २२ बसणार नाही आणि डेबियन १३ चाही इन्स्टॉलर त्यासाठी नाही. डेबियन १२ बसेल, पण पुढची वाट तिथेच संपते, तेव्हा त्या मशीनवर पैसे किंवा वेळ घालण्याआधी विचार करा. दोन, ते टॅली वापरतात का, किंवा जीएसटी-टेंडरसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावतात का, ते त्यांना विचारा. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही. टोकनचं तसं नाही, काही कंपन्या लिनक्सचा ड्रायव्हर देतात, काही देत नाहीत. टोकनवरचं मॉडेलचं नाव पाहून आधीच शोधा. यातलं काही अडत असेल तर विंडोजचं पार्टिशन लगेच पुसू नका. दोन्ही बाजूबाजूला ठेवा आणि इंटरनेट, बँक, ईमेल ही कामं मिंटकडे वळवा. एलएससीपीयूचं उत्तर आणि टोकनचं मॉडेल इथे लिहिलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल.